नऊ फेब्रुवारी: जन्म आणि मृत्यू

२७ जानेवारी

दिनविशेष तयार करून दुकानाच्या ग्रुपवर टाकला. घटना, जन्म, मृत्यू. घटनांत एक कत्तल, एक बाँबस्फोट, एक तह. मृत्यूंत फाशी गेलेले दोन, गोळी लागलेला एक. चहा पिता पिता लोक यावर फुलं आणि जोडलेले हात पाठवतात.

दुकानाचे मालक हटवारकाका म्हणाले, "पोरी, कवा तरी एखादा सुखानं मेलेला टाक ना वो."

शोधला. सुखाने मेलेले यादीत फार येत नाहीत.

काकांच्या मते फ्लेक्सच्या दुकानाची ही सगळ्यात चांगली जाहिरात. तुमसरात आपले फ्लेक्स कोणी वाचत नाही, दि.वि. वाचतात.

२९ जानेवारी

दुपारी पप्प्या आला. बंटीभाऊचा माणूस. नऊ फेब्रुवारीला भाऊचा वाढदिवस, चौकातला मोठा फ्लेक्स.

"मागच्या सालची फाईल आहेच तुमच्यापाशी. साल बदला, भाऊचा फोटो बदला. बाकी तेच राहू द्या."

मी म्हटलं, "त्या फाईलमध्ये माझा भाऊ आहे."

खालची शुभेच्छुकांची रांग. निखिल तिसरा. ती रांग मीच लावली होती. फोटो त्याने आयटीआयच्या ओळखपत्रावरून काढून दिला होता. गळ्याशी बनियन दिसत होतं म्हणून मी त्याला दुसऱ्याची कॉलर चिकटवली. त्यावर दिवसभर भांडला होता.

पप्प्या म्हणाला, "हो का. मंग त्या जागी दुसरा देतो पाठवून."

गेल्या वर्षी त्याच फ्लेक्सखाली बंटीभाऊने तलवारीने केक कापला. रस्ता अडलेला. नि. मोटरसायकलवर मागे बसलेला, म्हणाला, "भाऊ, कापून झाला न केक? आता रस्ता कापू द्या." लोक हसले. ते हसले म्हणून तीच तलवार त्याच्यावर चालली. मानेची डावी बाजू. पो.मॉ. रिपोर्ट मी वाचला आहे, आईने नाही. जखमेत केकचं क्रीम होतं.

बंटीभाऊ जामिनावर बाहेर आहे.

पप्प्या गेल्यावर काका म्हणाले, "नाही म्हणू का त्याइले?"

नाही म्हटलं तर मशीन फोडतील आणि फ्लेक्स गोंदियाहून आणतील. फाईल उघडली.

३१ जानेवारी

तिसऱ्या जागेचा फोटो आला. अज्जूचा. अज्जूच्याच नंबरवरून.

अज्जू नि.चा मित्र. त्या संध्याकाळी गाडी तोच चालवत होता. पोलिसांना पाहिलं तसं सांगणारा एकटा तोच. चौक माणसांनी भरलेला होता, पण बाकी सगळ्यांचा जबाब एक: गर्दी होती, दिसलं नाही. १३ तारखेला भंडाऱ्याला त्याची साक्ष. तो फिरला तर केस उरत नाही.

बॅकग्राउंड कापलं. डावा गाल उजव्यापेक्षा जांभळा आहे. उजेडाचा फरक नाही, सूज आहे. गिऱ्हाइकाचा चेहरा साफ करून द्यायची आमची पद्धत. हा केला नाही. आहे तसा लावला.

२ फेब्रुवारी

राइस मिलवर गेले, अज्जू तिथे पोती उचलतो. अंगभर कोंडा, त्यामुळे मार पटकन दिसत नाही.

"ताई, येथं नोको येऊ."

"फोटो काहून पाठवला?"

"मोबाइल त्याइच्याच हातात होता न."

मशीनच्या जुन्या पट्ट्याने मारलं. पाठ दाखवली. पट्ट्याचे सांधे उमटले आहेत.

"डोळे मिटले होते असं सांग म्हणते. मी म्हटलं, गाडी मी चालवून राहिलो होतो बे, डोळे मिटून कोण गाडी चालवते? मंग अजून मारलं." हसला. ओठाची खपली फुटली, रक्त आलं, ते त्याने कोंड्याच्या हातानेच पुसलं.

"मंग काय सांगशील?"

"माहीत नाही ताई. माय एकटी राहते घरी."

 त्याच्या जागी मी असते तर...

भोंगा झाला. तो आत गेला.

५ फेब्रुवारी

पप्प्या पुन्हा. आता भाऊचं नाव नऊ तारखेच्या दि.वि.त हवं. जन्म, तेही सगळ्यांच्या वर.

"दुनियेतल्या लोकाइचे टाकता, आपल्या गावच्या माणसाचा काहून नाही?"

मी म्हटलं, "क्रम सालाने लागतो. भाऊ शेवटी येतील. साल, नाव, एका ओळीत ओळख. विशेषण नाही."

"युवा हृदयसम्राट?"

"विशेषण आहे."

"लय कडक आहे बाप्पा बाई." काकांकडे वळला. "हिचं लग्न करून टाका काका, नाही तं नवऱ्यालेबी एका ओळीत बसवन." त्याच्याबरोबरची पोरं हसली. काकाही हसले, त्यांना हसावं लागलं.

जाताना त्याने कटर उचलला आणि तयार रोलवर एक लांब रेघ ओढली. सहज. पूर्ण रोल वाया.

८ फेब्रुवारी

वर्षश्राद्धावरून घरात वाद. भटजींच्या पंचांगाप्रमाणे तिथी पुढच्या आठवड्यात येते. मामा म्हणाला, "तिथीनंच कर. तारखेले चौकात डीजे राहीन, घास नाही उतरणार कोणाच्या गळ्याखाली."

आई म्हणाली, "तिथी पाहून मारलं का त्याइनं? तारखेलेच करीन."



उद्याचा दि.वि. केला. जन्मात शेवटी भाऊ, ठरल्याप्रमाणे. मृत्यूत शेवटी नि. अक्षरं तेवढीच, रंग तोच. नि.च्या ओळीपाशी थांबले. 'हत्या' लिहिणं माझं काम नाही, ते कोर्टाने ठरवायचं. 'तलवारीच्या वाराने मृत्यू, तुमसर' हे डॉक्टरने सही करून ठरवलेलं आहे. तेच लिहिलं.

काकांना दाखवलं, दुकान त्यांचं आहे. दोनदा वाचलं. "तुले मालूम आहे न काय होईन?"

हो म्हटलं.

"टाक मंग. खोटं तं काहीच नाही यात."

९ फेब्रुवारी

सकाळी टाकला. रोजची फुलं आली नाहीत. एकाने जोडलेले हात पाठवले, मग काढून घेतले. ते वाढदिवसासाठी होते की नि.साठी, कळलं नाही. तासाभरात दि.वि. गावभर फिरला होता.

दहाच्या सुमाराला सहासात जण आले. पप्प्या पुढे. आधी मॉनिटर, मग मशीनचं हेड. शाईचे डबे जमिनीवर. काका मध्ये पडले, त्यांच्या डोक्यात रॉड बसला. खाली मजेंटा आणि रक्त एकत्र. मजेंटा पातळ, वाहत जातो. रक्त जागा धरून राहतं.

अज्जू बाहेर गाडीपाशी उभा होता. पप्प्याने त्याला ओढत आत आणलं आणि हातात रॉड दिला.

"मार."

अज्जूने स्कॅनर फोडला.

"सामान नाही बे. माणूस मार."

अज्जूने काकांकडे पाहिलं. ते बसल्या जागी डोकं धरून. मग माझ्यासमोर आला. मी डावा हात पुढे धरला, उजव्याने मी लिहिते. त्याने मारलं. हाड मोडल्याचा आवाज बारीक असतो, हिरवी काडी मोडावी तसा.

"बस," पप्प्या म्हणाला. "आता आपला झाला."

सरकारी दवाखान्याच्या खाटेवर हे लिहिते आहे. काकांना टाके पडले, शुद्धीवर आहेत. चौकातला डीजे इथे ऐकू येतो. आईने घास ठेवला तेव्हा घरात तिच्याशिवाय फक्त मामा होता.

१० फेब्रुवारी

पोलीस जबाब घ्यायला आले. कोण कोण होतं, ते नावानिशी सांगितलं. पप्प्या पहिला. काकांना कोणी मारलं, तेही.

"आणि तुमचा हात कोणी मोडला?"

अज्जूचं नाव सांगितलं तर तो आरोपी होतो. तेराला त्याचा शब्द कोण धरणार? भाऊला हेच हवं होतं, म्हणून तर रॉड दिला.

मी म्हटलं, "गर्दी होती. दिसलं नाही."

जमादाराने वर पाहिलं. दुकान केवढं, गर्दी केवढी, हे तो पाहून आला होता. पण लिहून घेतलं. खाली सही केली. अक्षर नीट आलं.

११ फेब्रुवारी

आईने विचारलं, "हात कोणं मोडला?"

तिला खरं सांगितलं.

ती तांदूळ निवडत होती. निवडत राहिली. "जोरानं मारला का?"

"नाही. मोडण्यापुरता."

"जेवला राहीन का तो त्या दिवशी?" एवढंच.

१३ फेब्रुवारी

भंडारा, कोर्ट. मी बसने गेले. अज्जू त्यांच्या जीपमधून आला, दोघांच्या मध्ये बसून. नवा शर्ट, त्यांनीच घेऊन दिलेला असणार, घड्या तशाच.

पाण्याच्या टाकीपाशी क्षणभर एकटा सापडला.

"ताई, हात?"

"जुळेल."

"मी पुरा जोर नव्हता लावला."

"माहीत आहे."

"पोलिसाइले माझं नाव काहून नाही सांगितलं?"

उत्तर द्यायच्या आत पप्प्या आला, त्याच्या मानेवर हात ठेवून घेऊन गेला. पुकारा झाला. अज्जू आत. नि.ची ओळख मी पटवली होती, ती माझी साक्ष व्हायची आहे म्हणून मला बाहेर बसवलं. दार बंद. पप्प्याची पोरं व्हरांड्यात मोबाइलवर काहीतरी पाहून हसत होती. एकजण दाराच्या फटीशी कान लावून होता. थोड्या वेळाने त्याने मागे वळून बाकीच्यांना हात केला आणि हसणं बंद झालं.

दार उघडलं. अज्जू बाहेर आला, शर्ट पाठीला चिकटलेला. ते सगळे उठले. तेवढ्यात माझं नाव पुकारलं. आत गेले.

विचारलं तेवढं सांगितलं. सुटल्यावर सरकारी वकील म्हणाले, "तो मुलगा बोलला. सगळं. तलवार कुठल्या हातात होती, तेसुद्धा."

व्हरांडा रिकामा. जीप नाही. फाटकावरच्या शिपायाने अज्जूला जीपमध्ये जाताना पाहिलं. बसला की बसवला, ते त्याला सांगता येईना. पोलिसांना कळवलं. पाहतो म्हणाले. अज्जूचा फोन बंद.

अंधार पडायला घरी पोचले. आत्ता त्याच्या आईचा फोन आला.

"बाई, आमचा अज्जू तुमच्यासंग आहे न वो?"

नाही म्हटलं.

 फोन स्पीकरवर वहीशेजारी आहे. तिच्या घरातला पंखा ऐकू येतो. तिने फोन ठेवलेला नाही. मीही नाही.