आजीच्या आंब्याखाली थोरले काका

आण्णा, तुम्ही जिंकलात. आज सकाळी थोरल्या काकांची रक्षा आपल्या मळ्यात, आजीच्या आंब्याखाली मातीत मिसळली. व्हय, त्याच काकांची! तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, म्हणून आधी हेच सांगून टाकते, बाकीचं मागाहून.

आजी गेली तेव्हा तिसऱ्या दिवशी सगळी भावकी पंचगंगेच्या घाटावर ताटकळत उभी, आणि तुम्ही रक्षेची बुट्टी घेऊन सरळ मळ्यात. खड्डा काढला, रक्षा टाकली, वर आंब्याचं रोप लावलं. काका घाटावरनं तणतणत आले. "आईला चिखलात घातलीस! आता तिला मुक्ती कुठली मिळायची?" तुम्ही हात धूत म्हणालात, "दादा, जिचं पाणी पितो तिलाच राख पाजायची व्हय? देव नदीत हाय, मग बांधावर न्हाय का?" दर रविवारी अनवाणी जोतिबाला जाणारा माणूस, पण त्या दिवसापासनं गावानं तुम्हाला नास्तिक ठरवलं. काकांनी आपल्या घरचं पाणीसुद्धा सोडलं. मी तेव्हा कॉलेजात होते, मला आपल्याच बापाची लाज वाटायची. स्वयंपाकघरात मी तोंड वर करून म्हटलं, "लोकांसारखं वागायला काय होतं तुम्हाला?" भाकरी मोडता मोडता तुम्ही थांबलात. "लोकांच्या भ्यानं देवाला न्हाय भजत मी, पोरी." एवढंच बोललात आणि पुढं जेवायला लागलात.

तर परवा काका गेले. नव्वदी ओलांडली होती. सरणाच्या शेणींवर ठेवताना त्यांच्या लेकानं, माझ्या चुलतभावानं, हळूच सांगितलं, "रक्षा मळ्यात टाका म्हणालेत. आईजवळ." आज मळ्यात भावकीतला एक म्हातारा उसळलाच. "नदी सोडून हे काय खूळ काढलंय?" चुलतभाऊ खणखणीत आवाजात म्हणाला, "आमचे आबा स्वतः सांगून गेलेत, धाकटा बरोबर होता म्हणून!" आण्णा, मयताला येऊन मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या बघा! पदर खोचला, पहिली ओंजळ मीच टाकली आणि जोतिबाच्या नावानं चांगभलं म्हणून ओरडले. मग तो म्हातारासुद्धा ओरडला. आंबा यंदा असा मोहरलाय की पान दिसत नाही. माझीबी रक्षा इथंच टाकायची, हे लेकीला तिथंच बजावून ठेवलं.

निघताना चुलतभाऊ म्हणाला, "धाकट्या काकांचीबी इथंच पायजे हुती. आमच्या आबांनी नदीचा हट्ट धरला, चुकलं त्यांचं." मी मान डोलावली. अकरा वर्षं मीही सगळ्यांना तेच सांगत आलेय.

हा कागद घडी करून देव्हाऱ्यात, तुमच्या जोतिबाच्या फोटोमागं ठेवणार आहे. तिथं कुणी हात घालत नाही, म्हणून लिहिते. तुमच्या तिसऱ्या दिवशी काका इतक्या वर्षांनी आपल्या दारात आले होते. तुमच्या रक्षेची बुट्टी माझ्या हातात देऊन त्यांनी विचारलं होतं, "पोरी, त्याला मळा पायजे हुता. मळ्यात नेऊया का?" बाहेर माणसं उभी होती.

नदीत, असं मी म्हटलं, आण्णा.