न्याहारीनंतर दोन तासांनी

भाट्ये, रत्नागिरी
१४ मे

प्रिय ताई,

‘सप्रेम नमस्कार’ लिहायचं होतं, पण हात पुढे गेला नाही. तुझे सात फोन मी उचलले नाहीत. उचलले असते तर मी ओरडलो असतो आणि तू गप्प राहिली असतीस, आणि तुझं गप्प राहणं मला आता ऐकवत नाही. म्हणून कागदावर लिहितो आहे. हौसाकाकीच्या शमिकाच्या इथल्या कॉलेजला सुट्टी लागली आहे, उद्या सकाळच्या एसटीने ती हर्णेला येते आहे. तिच्या हाती हे पाकीट देतो. शेवटपर्यंत वाच, मधेच घडी घालून ठेवू नकोस.

आधी आईचं सांगतो. डाव्या पायाची दोन बोटं काढली त्याला आज सहा दिवस झाले, करंगळी आणि तिच्या शेजारचं. जखम कोरडी पडते आहे. डॉक्टर काल म्हणाले की बाकीचा पाय वाचेल असं दिसतंय, पण साखर आटोक्यात राहिली तरच. इन्सुलिन दोन वेळा चालू आहे. आज सकाळी उपाशीपोटी १६८. हा आकडा आईचाच आहे. सिस्टर बोट टोचते तेव्हा मी पलंगाला टेकून उभा असतो आणि थेंब कुणाच्या बोटातून येतो ते बघतो. तुला हा टोमणा वाटेल. टोमणाच आहे.

बाबांचा पाय कसा गेला ते तू माझ्यापेक्षा जास्त बघितलंस. आधी अंगठा, मग घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत, आणि मग बाबाच. मी नववीत होतो. शाळा सुटली ती सुटलीच. तू मला ओट्यावर बसवून शुद्धलेखन घालायचीस आणि म्हणायचीस, शाळा सुटली तरी लिहिलेलं वाचून कुणी हसता कामा नये. म्हणून गेल्या दिवाळीत आईलाही साखर निघाली तेव्हा मला जे एक काम नीट करता येतं तेच मी हातात घेतलं. मी इथे नारळाच्या रोपवाटिकेत, तुम्ही दोघी तिकडे. घरी राहून तिच्यावर लक्ष ठेवणं मला शक्य नव्हतं, पण वही ठेवणं शक्य होतं. मशीन घेऊन आलो, तुला शिकवलं. हात साबणाने धुवायचे, पुसून कोरडे करायचे, बोटाच्या टोकाला नाही तर कडेला टोचायचं, रोज बोट बदलायचं. तू एकदाच बघितलंस आणि तुला आलं. आई तेव्हाच तोंड फिरवून बसली होती, हे मला आता आठवतंय.

वहीच्या पहिल्या पानावर मी ‘आई’ लिहिलं आणि खाली पट्टीने रकाने पाडले. तारीख, उपाशीपोटी, काय खाल्लं, किती खाल्लं, पहिल्या घासानंतर दोन तासांनी किती. एक न्याहारी तीन दिवस तीच ठेवायची आणि मग त्यात एकच गोष्ट बदलायची, असं मी ठरवलं होतं. दोन गोष्टी बदलल्या तर कशामुळे काय झालं ते कळणार कसं? पहिले चार दिवस आकडे चढेच होते, म्हणून तांदळाची पेज बंद केली आणि पाचव्या दिवशी ते उतरले. पाव आणि चहात बुडवायची बटरं बंद केली. नुसत्या तांदळाच्या घावण्यांना आकडा चढला, म्हणून दोनच घावणे आणि त्याबरोबर उकडलेलं अंडं सांगितलं, तर उतरला. पोहे मला वाटले होते त्यापेक्षा वाईट निघाले. नाचणीच्या भाकरीला सगळे चांगलं म्हणतात, पण दोन भाकऱ्यांना आकडा चढलेलाच होता, एकीला नाही. मोड आलेले मूग आणि सुकटीची चटणी सगळ्यांत बरी. हे सगळं मी किती विश्वासाने लिहिलं, ताई. रोज सकाळी तुझा मेसेज यायचा, वर एक फूल आणि खाली ९६, नाही तर १०२. ते फूल बघून मी कामाला जायचो. तू कधी विसरली नाहीस. बारा डिसेंबरला तुला ताप होता, तरी आकडा आला.

माझ्या शेजारच्या खोलीत मालनवहिनी राहतात. त्यांच्या नवऱ्यालाही साखर आहे. त्यांनी माझ्या वहीतलं न्याहारीचं पान उतरवून घेतलं आणि त्यांच्या घरात तीन महिने तसंच शिजतं आहे. परवा मी त्यांच्या दारात उभा राहून सांगितलं की वहिनी, ते पान फाडून टाका, ते साखर असलेल्या माणसाचं नव्हतं. त्या म्हणाल्या, मग कुणाचं होतं? माझी बहीण खोटं बोलली, हे शेजारच्या बाईला कसं सांगायचं?

एकदा मला शंका आली होती. फेब्रुवारीत आई चिमामावशीच्या मुलीच्या लग्नाला दापोलीला दोन दिवस होती आणि तू घरीच होतीस. दोन्ही सकाळी आकडे आले. मी विचारलं तर तू लिहिलंस, आईने मशीन बरोबर नेलं आहे, तिला आता स्वतः जमतं. मला इतका आनंद झाला की मी रोपवाटिकेत सगळ्यांना सांगितलं, माझी आई चौथी शिकलेली आहे आणि स्वतःची साखर स्वतः तपासते. रोज बोट तुझं होतं, ते एक वेळ बाजूला ठेवतो. पण ती एक ओळ तू बसून, विचार करून लिहिलीस. तिच्यापाशी आलो की माझं डोकं चालत नाही.

माझीही चूक लिहितो, नाही तर पत्र खोटं होईल. जानेवारीत मी डॉक्टरांना वही दाखवली होती. ते म्हणाले, छान आहे, पण आईंना घेऊन या, तीन महिन्यांची सरासरी कळते ती रक्ततपासणी करू. आई म्हणाली, मासळी वाळायला घातली आहे, टाकून कुठे येऊ? मी आग्रह केला नाही. मला वाटलं, रोजचे आकडे हातात असताना तीन महिन्यांच्या सरासरीची काय गरज? माझ्या अक्षराचा मला अभिमान झाला होता.

मग एप्रिलमध्ये आकडे बिघडायला लागले. मूग तेच, अंडं तेच, तरी चढत होते. मी आईला फोन करून नको ते बोललो. म्हटलं, तू चोरून बटरं खातेस, बाबांच्या वाटेने जायचं ठरवलंयस का? ती म्हणाली, “अरे मेल्या, रत्नांग्रीत बसून माझं ताट वाढतोस, आता माझे दातपण मोजणार काय?” मागे हौसाकाकी हसत होत्या. आणि तू तिथेच होतीस. तेव्हा तुला सगळं माहीत होतं, मी कुणाला काय बोलतोय तेही कळत होतं, आणि तू मला बोलू दिलंस.

मासळीच्या लिलावाच्या गर्दीत शिंगाळा माशाचा काटा तिच्या पायात मोडला तेही मला पंधरा दिवसांनी कळलं. हळद भरली होती, दुखत नव्हतं, म्हणून कुणाला सांगितलं नाही, म्हणे. दुखत नव्हतं हीच तर भीतीची गोष्ट. बाबांचाही दुखत नव्हता. तू तिला हॉस्पिटलात घेऊन आलीस तेव्हा पाय काळा पडला होता आणि खोलीभर वास होता. सिस्टरने आईचं बोट टोचलं. दोनदा टोचावं लागलं इतकी कातडी जाड आणि मिठाने चिरलेली. आई पहिल्यांदा टोचून घेणाऱ्या मुलीसारखी दचकली. मशीनवर ३४२ आलं. मी सिस्टरला म्हणालो, तुमचं मशीन बिघडलंय, आणि पिशवीतून वही काढली. मग रक्त प्रयोगशाळेत गेलं आणि तीन महिन्यांची सरासरी ११.४ आली; त्यात साडेसहापासून पुढे साखर धरतात. डॉक्टरांनी वही चाळली. अक्षर छान आहे म्हणाले. मग विचारलं, “हे आकडे नक्की कुणाचे आहेत?”

मी आईकडे बघितलं. तिने अजिबात आढेवेढे घेतले नाहीत. म्हणाली, “ताईच्या बोटाचं रगत होतं ते. दिवसभर माझे हात खाऱ्या पाण्यात. बोटाला एवढंसं भोक पडलं तरी मीठ झोंबतं, जीव जातो. चार दिवस केलं, पाचव्या दिवशी मासळी खारवता येईना. पोर म्हणाली, राहू दे आई, मी देते. त्याला आकडा हवा, त्याला आकडा मिळाला. त्याचा जीव थाऱ्यावर राहिला.” तू दारात थर्मास धरून उभी होतीस. मी तुला म्हटलं, खरं का? तू एवढंच म्हणालीस, “तू रोज विचारायचास ना.” आणि दुसऱ्या दिवशी, आईला ऑपरेशनला आत नेलं त्याच सकाळी, अवकाळी येईल, मासळी भिजेल म्हणून तू गाडीत बसलीस.

हे मी सहा दिवस उलटसुलट करून बघतो आहे. मिठाचं मला कळतं. मीही लहानपणी मासळी खारवायचे ते हौद उपसले आहेत. तू मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं असतंस, आईला मीठ झोंबतं, तर काही तरी केलं असतं. काम नसलेल्या दिवशी तपासलं असतं, हातमोजे आणले असते, आठवड्यातून दोनदाच केलं असतं. थोडे आकडे, पण तिचे असते. तू मला काळजीतून सोडवलंस असं तुला वाटलं असेल. माझी काळजी घालवायची नव्हती ताई, तिचा पाय वाचवायचा होता. आई लपवते ते मी समजू शकतो, तिने आयुष्यभर दुखणी लपवली. पण तू मला अक्षर दिलंस आणि त्याच अक्षराने सहा महिने खोटं लिहून घेतलंस. मी सांगितलेली न्याहारीही तूच खात होतीस, हे आईने काल सांगितलं. आकडा जुळायला हवा म्हणून. तू मूग खायचीस आणि ती तुझ्यासमोर बसून पाव खायची.

आता मी हे पत्र का लिहिलं ते लिहितो. रागासाठी लिहिलं असतं तर मागच्या पानावरच सही केली असती. काल आई झोपल्यावर मी वही फाडायला घेतली. आधी पहिल्या पानावरचं ‘आई’ खोडलं आणि त्याच्यावर ‘ताई’ लिहिलं, निव्वळ चिडून. मग सवयीने पानं उलटली आणि पहिल्यांदाच ते आकडे तुझे म्हणून वाचले. दिवाळीत उपाशीपोटी ९६. जानेवारीत १०८. शिमग्याला ११७. एप्रिलमध्ये १२७, १३१, परत १३१, आणि शेवटच्या आठवड्यात न्याहारीनंतर दोन तासांनी २०४. मूग आणि एक अंडं खाऊन २०४. मी वही घेऊन डॉक्टरांच्या मागे जिन्यात गेलो. म्हटलं, हे तीस वर्षांच्या बाईचे असतील तर? गोळी चालू नाही, आई-वडील दोघांनाही साखर. त्यांनी शेवटची दोन पानं वाचली आणि म्हणाले, त्यांना लगेच आणा. तू आकडा बघून मला पाठवत होतीस, पण तो आपला आहे असं तू एक दिवसही धरलं नाहीस, हो ना? हॉस्पिटलात तू एका दुपारी पाण्याच्या तीन बाटल्या संपवल्यास. मला वाटलं, उन्हातून आली आहे. ताई, मी अजून तुला माफ केलेलं नाही आणि कधी करीन ते सांगता येत नाही. पण मासळी हौसाकाकींवर सोपव आणि रविवारी दापोलीहून दुपारची गाडी पकड. मी स्टँडवर असेन. सोमवारी सकाळी आठचा नंबर तुझ्या नावाने लावला आहे. रविवारी रात्रीच्या जेवणानंतर पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही. रक्त हाताच्या शिरेतून काढतात. मी समोर उभा राहणार आहे.

तुझाच, आणि रागावलेलाच,
दीपेश