मधला परिच्छेद

२९ सप्टेंबर, बरबँक

पोचलो. आयोवातून निघताना पुस्तकांची सोळा खोकी आणि एक किटली एवढाच संसार होता. वाटेत नेवाडात किटलीचं झाकण हरवलं. घरमालकीण गरिबियन बाईंनी मागच्या अंगणातली खोली दिली आहे. खिडकीत लिंबाचं झाड. भाड्याचं बोलणं निघायच्या आधीच त्यांनी द्राक्षाच्या पानांत गुंडाळलेल्या भाताची ताटली पुढे केली, त्यामुळे घासाघीस करायला तोंड उरलं नाही. कॉलेजने संस्कृत विभाग बंद केला तेव्हा माझ्याकडे दोन विद्यार्थी होते, त्यातला एक वर्ग चुकून आलेला. पन्नाशी उलटल्यावर नवं गाव, नवी नोकरी. मजा वाटते आहे.

१ ऑक्टोबर

काम असं: देशभरातले समीक्षक आपापली चित्रपट-परीक्षणं आमच्या संकेतस्थळावर पाठवतात. ती वाचून अंगठा वर की खाली, ते मी ठरवायचं. शेकडा किती अंगठे वर, तो आकडा चित्रपटाच्या कपाळी लागतो. एका परीक्षणाला तीन मिनिटं, अशी आमच्या प्रमुख मार्लीनबाईंची शिस्त. पहिल्याच परीक्षणाला मी अकरा मिनिटं घेतली. शेजारच्या टेबलावरचा टिओ म्हणाला, "प्रोफेसर, भाष्य नाही लिहायचं यावर. पहिलं वाक्य, शेवटचं वाक्य, संपलं. मधे ते लोक नुसती हुशारी पाजळतात."

ग्रंथाचं तात्पर्य ओळखायच्या सहा खुणा मीमांसकांनी सांगून ठेवल्या आहेत. आरंभ आणि शेवट जुळवून पाहणं ही पहिली. उरलेल्या पाच मी त्यांना साभार परत केल्या. भयपटांचा नियमही टिओनेच शिकवला: तिथे तक्रार म्हणजे स्तुती. ‘झोप उडाली’, ‘शत्रूलाही दाखवू नका’, की अंगठा वर.

६ ऑक्टोबर

‘बेवारस फिती’ या भयपटाचा दुसरा भाग येतो आहे. पाच सुट्या गोष्टी, प्रत्येक म्हणे कुणा मेलेल्या माणसाच्या कॅमेऱ्यात सापडलेली. पहिल्या भागाला एकेचाळीस मिळाले होते. तरी दुसरा का काढला, हे इथे विचारायचं नसतं. थिएटरात शुक्रवारी, १७ला. समीक्षकांना घरबसल्या बघता येतो.

आज पहिलं परीक्षण आलं, नेब्रास्कातल्या एल्डन लाथ्रोप यांचं. चाळीस वर्षं एकाच गावच्या वर्तमानपत्रात लिहिणारे गृहस्थ. आरंभ: ‘पहिल्या भागाहून हा फार निराळा आहे.’ शेवट: ‘मला खुर्चीवरून उठता आलं नाही.’ अंगठा वर, चाळीस सेकंदांत. मार्लीनबाईंनी ते शेवटचं वाक्य पोस्टरसाठी उचललं.

९ ऑक्टोबर

आणखी सहा आली. ‘मागे वळून बघायची हिंमत झाली नाही.’ ‘दिव्याचं बटण हाताशी होतं, पण हात कुठे होता?’ सगळे अंगठे वर. बाकीच्या टेबलांवरची परीक्षणं धरून आकडा त्र्याण्णव. मार्लीनबाईंनी डोनट आणले आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, की प्रोफेसरांची नजर तयार झाली. मी लाजलो आणि दोन डोनट खाल्ले.

१३ ऑक्टोबर

दुपारी रूथ लाथ्रोप नावाच्या बाईंचा फोन. एल्डन यांची मुलगी. वडील बुधवारी, आठ तारखेला, खुर्चीत मृत सापडले. डॉक्टरांच्या मते सात तारखेच्या संध्याकाळपर्यंत जिवंत होते. बाईंनी अगदी शांतपणे विचारलं, की परीक्षण कोणी वाचलं. मी, म्हटलं.

"पूर्ण वाचलंत?"

हो, म्हणालो.

"मग फोन का नाही केलात?"

मला प्रश्न कळला नाही. त्यांनी फोन ठेवल्यावर मी परीक्षण उघडलं. मधला परिच्छेद इथे उतरवतो, तेवढं तरी करायला हवं:

‘हे परीक्षण नाही. चौथ्या गोष्टीत माझीच खोली दिसते, माझ्या पाठीमागून. पाय हलत नाहीत. फोन स्वयंपाकघरात आहे. संगणकावर ही परीक्षणाची चौकट तेवढी उघडते. वाचणाऱ्याने कृपा करून माझ्या मुलीला फोन करावा.’ खाली नंबर.

सहा तारखेला आलं. सातला ते जिवंत होते. चाळीस सेकंद. एकोणीस वर्षं पोरांना बजावत आलो, एक मात्रा गाळू नका म्हणून.

१४ ऑक्टोबर

बाकीची सहा वाचली. पहिल्यांदाच. सहाही जणांच्या मधल्या परिच्छेदात तेच वाक्य: हे परीक्षण नाही. तेच ते पुन्हा येणं, ही तात्पर्याची दुसरी खूण. परत केलेल्यांतली.

सहाही समीक्षकांना फोन लावले. चार नुसते वाजत राहिले. उरलेले दोन पोलिसांनी उचलले.

मार्लीनबाईंना सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, की आधी वाचलं तेव्हा दिसलं नव्हतं का. मी म्हणालो, मजकूर जरा संदिग्ध होता. तोंडातून गेलं ते गेलं. मग त्या म्हणाल्या, म्हातारी माणसं खुर्चीतच जातात. आणि नोंदवलेला अंगठा फक्त तो समीक्षक स्वतः बदलू शकतो.

आकडा सत्त्याण्णव.

१५ ऑक्टोबर

टिओला खरं सांगायचं म्हणून कॉफीला नेलं. हवेबद्दल बोललो.

शुक्रवारी हजारो माणसं बसणार, माझ्या आकड्यावर विसंबून. तो आकडा आता एकाच गोष्टीने उतरतो, आणखी एका परीक्षणाने. समीक्षक म्हणून नाव नोंदवलं. चित्रपट न बघताच वाईट म्हणून लिहिता येईल. कुणाला कळणार नाही.

पण न वाचता कौल देऊन झाला. न बघता देणार नाही.

१६ ऑक्टोबर, सकाळी दहा

गरिबियनबाई रविवारपर्यंत फ्रेझ्नोला, लेकीकडे. रजा काढली. उजेड आहे, पडदे उघडे. ही वही मांडीवर. तीन गोष्टी झाल्या, सुमार आहेत. लिंबाच्या झाडावर पक्षी.

साडेअकरा

चौथी. एक खोली, मागून. पुस्तकांची खोकी. सोळा. बिनझाकणाची किटली — फोन तिच्याशेजारीच ठेवला होता —

पाय —

दर दृश्यात कॅमेरा थोडा पुढे येतो. मी मान वळवत नाही.

बारा

चौकट उघडली. पाठवलं. सरळ लिहिलं, मधे काही लपवलं नाही. पहिलं वाक्य: ‘हा चित्रपट बघू नका.’ शेवटचं: ‘जो बसला, तो उठला नाही.’ मधे माझा पत्ता, आणि — मी वाचलं नव्हतं, हेही. तेच लिहायला सर्वांत जास्त वेळ लागला.

आज माझ्या टेबलाचं काम टिओकडे. चांगला मुलगा आहे. तीन मिनिटं घेतो —

बारा वाजून चार

पडद्यावर माझी मान. पांढरे केस. फार जवळून.

चौकटीच्या कोपऱ्यातला आकडा हलला.

अठ्ठ्याण्णव.

टिओ — मधलं वाच — मध