डब्यातली येसर आमटी

माय, तुझा फोटो आता जेवणाच्या डब्यावर आला आहे. तुझ्या नातवानं, म्हणजे माझ्या भाच्यानं, सिडकोत मोठं हॉटेल काढलंय. फोटो मतदानाच्या कार्डावरचाच, पण कॉम्प्युटरवर कुणीतरी तुझ्या ओठांना हसू चिकटवलंय. तू फोटोत कधी हसली नाहीस, माणसांत तर नाहीच. खाली सोनेरी अक्षरांत लिहिलंय, ‘आजीच्या हातची येसर आमटी’. एका माणसाच्या पार्सलचे साडेसातशे रुपये. तेवढ्यात तू अख्खी भावकी जेवू घातली असतीस आणि उरलेल्या पत्रावळ्या घरी आणल्या असत्यास.

काल दुपारी ते पार्सल आलं. आमटीच्या डब्याला एवढी चिकटपट्टी की सुरी घ्यावी लागली. चांदीच्या कागदातली भाकरी घामेजून चामड्यासारखी झालेली. ठेच्यात साखर, आणि भातावरचं तूप औषधाला पुरलं नसतं. मी एकेक गोष्ट चाखत, प्रत्येकीला नावं ठेवत, मजेत जेवत होते. मागवलं होतं ते मात्र आमटीसाठी. भाजलेल्या धान्याचं ते पीठ, ते येसर, तू वहिनीच्या, म्हणजे भाच्याच्या आईच्या, ओटीत घातलंस ते तिच्या घरात पुढं गेलं का, एवढंच मला बघायचं होतं. पहिला घोट घेतला आणि टाळूला कच्चं पीठ चिकटलं. वर तेलाचा तवंग, खाली गाळ. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! इतका आनंद मला नातीच्या बारशालाही झाला नव्हता.

देवगाव रंगारीच्या घरात तू येसर भाजायला बसलीस की स्वयंपाकघराचं दार आतून लावून घ्यायचीस. भावकीत कुठंही लग्न निघालं की पंगतीच्या आमटीला येसर तुझंच. आपल्याकडं रीतच होती, येसर सुनेला सांगायचं, लेकीला नाही. मी असेन बारा वर्षांची. एकदा कडी नीट बसली नव्हती, मी दार ढकललं तर तू उलथनं उगारलंस. “हो भाईर! लेक परक्याचं धन. आमचं येसर काय दुसऱ्याच्या चुलीवर न्यायचंय व्हय?” पुढं वहिनी आली आणि पहिल्याच महिन्यात तिला तू आत घेतलंस. मी माहेरपणाला आलेली, दाराबाहेर लसूण सोलत बसलेली. आत वहिनी रंग बघते आहे, बाहेर मी ऐकते आहे. आधी गहू, मग हरभऱ्याची डाळ, शेवटी बाजरी. बाजरी तडतडायला लागली की वास सुटतो, आणि वहिनीला वाटायचं, झालं. तू मात्र ती तडतड पार थांबेपर्यंत कढई खाली घेत नसायचीस. हे तू तिला सांगितलं नसशील, नाहीतर सांगूनही तिच्या डोक्यात शिरलं नसेल. लसूण सोलून झाला तरी मी तिथून उठले नव्हते.

काल संध्याकाळी भाच्याचा फोन आला. आवाज पार बसलेला. “आत्या, खरं सांग. लोक एकदा येतेत अन् परत येत नायत. फुलंब्रीकडचं रान इकून घातलंय मी ह्यात. आईला इचारलं तर म्हणती, सगळं बरोबर हाय. आई सोडली तर आजीच्या हातचं खाल्लेली आता तूच ऱ्हायलीस. काय चुकतंय?”

बाजरी. एवढा एक शब्द सांगायचा होता. पोरगं वाईट नाही गं, लहानपणी माझ्याच मांडीवर झोपायचं. मी म्हणाले, “काय चुकत नाय रे. हुबेहूब आजीचीच हाय.” रडायच्या बेतात होता, तो हसला. “लई बरं वाटलं, आत्या.” फोन ठेवून मी चहा केला, आणि तो मला गोड लागला. हे लिहिताना लाज वाटते आहे, पण फार नाही.

आता तुझं सांगते. शेवटच्या दुखण्यात तू अन्न सोडलं होतंस, आणि एका दुपारी येसर आमटी मागितलीस. वहिनीनं करून आणलेली वाटी तू परत पाठवलीस. “कच्चं हाय,” म्हणालीस. वहिनी रडत अंगणात गेली. मग मी उठले, स्वयंपाकघराचं दार आतून लावलं, आणि बाजरी गप्प होईपर्यंत भाजली. तू वाटी दोन्ही हातांनी धरून प्यालीस, पुन्हा मागितलीस. मग माझ्याकडं बघून म्हणालीस, “बघ, कशी केलीय सुनंनं. तुला शिकवलं असतं तर गेलं असतं परक्याच्या घरी.” मी पदरानं तुझं तोंड पुसलं.

ती आमटी माझी होती, माय. इतकी वर्षं मी मनाला सांगत आले की तुझा शेवटचा घास कडू होऊ नये म्हणून बोलले नाही. खोटं आहे ते. तू चुकीचं समजूनच जावंस, असं मला वाटत होतं.

हे तुला पोचायचं नाही, ते एक बरं आहे. लिहायचं तर भाच्याला होतं, आणि तोही एकच शब्द. फोन समोरच पडलाय. मी अजून उचललेला नाही.