गॅलरीच्या भिंतीवरच्या पट्ट्या

शनिवार, ८ नोव्हेंबर

आठवी-नववीच्या कार्ट्यांनी गॅलरीच्या भिंतीवर कागद चिकटवून ठेवलेत! मागच्या वर्षी भेग पडली म्हणून सभागृहाची गॅलरी बंद, किल्ली माझ्या कमरेला. आता विज्ञानाच्या बाई म्हणतात, "मावशी, दर सोमवारी दहा मिनिटं उघडून द्या, मुलांचा प्रकल्प आहे." प्रकल्प म्हणजे काय, तर भेगेवर आडव्या पाच कागदी पट्ट्या, बोटभर रुंदीच्या. खाली पेन्सिलीने एक ते पाच आकडे. झाला प्रकल्प!

तिघंच आहेत. नववीतली माझी भाची — तीच मुकादम. तिच्या वर्गातला चष्मिस. आणि आठवीतली टिंगू — हात पोचायला स्टूल लागतं, पण तोंड सगळ्यांच्या वर. सगळी शाळा मला मावशी म्हणते. खरी भाची ही एकच, बहिणीमागे माझ्याकडे वाढलेली. घरी येऊन बजावते — "मावशी, आमच्या पट्ट्या काढू नकोस हं. तुझा काय भरवसा, हातात झाडू आला की दिसेल ते केरात."

नाही काढणार, माझे आई.

किल्ल्यांच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी होती. त्यात लिहितेय. चौथीपर्यंतची अक्षरं आहेत, पण मनात ठेवलं की माझं डोकं ठणकतं.

शनिवार, २२ नोव्हेंबर

गॅलरी झाडली. तीन नंबरची पट्टी मधोमध फाटून लोंबत होती. भिंतीवर फाटका कागद दिसला की हेडसर पहिलं मला बोलणार. काढायची तर नाही — शब्द दिलाय. ऑफिसच्या पाकिटांसाठी पिठाची खळ केलेली होतीच. नवी पट्टी कापली, डकवली. पोरांपेक्षा सरळ! भाचीला सांगितलं नाही. म्हणाली असती, सगळीकडे नाक खुपसतेस.

शनिवार, ६ डिसेंबर

आज तीन आणि चार. परत डकवल्या. साधा कागद चिकटवता येत नाही आणि म्हणे विज्ञान!

सोमवार, ८ डिसेंबर

गॅलरी उघडून दिली. चष्मिस आणि टिंगू जिन्यातच भांडत होते, म्हणून भाची एकटीच वर गेली. बराच वेळ भिंतीपुढे उभी. नखाने पट्टीची कड खरवडत होती.

"काय गं?"

"काही नाही."

वहीत काहीतरी लिहिलं. जेवताना मधेच विचारते, तुझी कायम झाल्याची ऑर्डर कधी येणार? मी म्हटलं, हेडसरांनी मार्चचा शब्द दिलाय. बारा वर्षं हंगामी काढली, आता तीन महिन्यांनी काय मरतेय! ती हसली नाही. एरवी माझ्या फालतू बोलण्यालाही हसते.

शनिवार, २० डिसेंबर

दोन, तीन, चार. खळ संपत आली.

बुधवार, ७ जानेवारी

ढाल आली! जिल्ह्याच्या प्रदर्शनात पहिला नंबर! कपाटातली सगळी बक्षिसं अकरावी-बारावीची. खालच्या वर्गांनी इतकी वर्षं नुसत्या टाळ्या वाजवल्या. टिंगू सरळ माझ्यापुढे येऊन उभी — "मावशी, कपाट पुसा. मधला कप्पा लागेल." चष्मिसाची आई फाटकात उभी राहून रडत होती. भाचीने ढालीला हातसुद्धा लावला नाही. म्हटलं, दमली असेल.

दुपारी इंजिनिअर साहेब आले. वर चढायचा कंटाळा. खालूनच मान वर करून पाहिलं, मग पोरांचा तक्ता मागवला. "नऊ आठवडे नोंद आहे, भेग स्थिर आहे. उघडा गॅलरी." हेडसर ऑफिसबाहेर तक्ता लावून सगळ्यांना दाखवत होते — ढाल जणू त्यांनीच मिळवली! सतराला सत्कार. पूर्वीसारखंच — वरचे वर्ग खाली खुर्च्यांवर, खालचे वर्ग वर गॅलरीत. दोनशे पोरं.

शुक्रवार, ९ जानेवारी

ऑफिसबाहेरची फरशी पुसताना तक्त्यापुढे थांबले. माझी भाची, तिचं अक्षर, वाचावं म्हटलं. एकेक अक्षर लावत वाचलं.

"पट्टी फाटली तर भेग वाढते आहे. पट्टी शाबूत तर भेग थांबली आहे."

खाली नऊ सोमवार. पाच पट्ट्या. सगळीकडे शाबूत, शाबूत, शाबूत.

तीनदा वाचलं. बादली पालथी घालून बसले.

फाटल्या होत्या की! सहा पट्ट्या मी माझ्या हाताने बदलल्या. काढू नकोस म्हणाली, म्हणून काढल्या नाहीत. नीट केल्या. अगं बाई, मी हे काय करून बसले!

शनिवार, १० जानेवारी

वर गेले. दोन आणि तीन फाटलेल्या. हात लावला नाही. घरी येऊन भाचीला सगळं सांगितलं.

तिने मान वर केली नाही. "तू गप्प बस, मावशी."

"गप्प काय बस? दोनशे पोरं बसणार आहेत वर!"

"अजून आठवडा आहे. मी बघते काय ते."

"काय बघतेस? ढालीची हाव सुटलीय तुला!"

दिली एक कानाखाली ठेवून. आजवर बोट लावलं नव्हतं. गालावर हात ठेवून बसली, रडली नाही. मीच मोरीत जाऊन रडले.

सोमवार, १२ जानेवारी

विज्ञानाच्या बाई प्रशिक्षणाला गेल्यात, पंधरा दिवस. मग थेट हेडसरांकडे.

"सर, पट्ट्या फाटत होत्या. मी बदलल्या."

आधी हसले. "मावशी, इंजिनिअर साहेबांपेक्षा तुम्हाला जास्त कळतं का?"

"मला कळत नाही म्हणूनच तर बदलल्या!"

परवाच्या फाटक्या दोन पट्ट्या दाखवायला वर चला म्हटलं. म्हणाले, कागदच तो, वाऱ्याने फाटला असेल. तिथे खिडकीसुद्धा नाही! मग दार लोटलं आणि आवाज खाली आणला. "ढाल परत करायची? साऱ्या जिल्ह्यात शाळेचं नाक कापायचं? मार्च जवळ आलाय, लक्षात आहे ना?"

आहे लक्षात. बारा वर्षं दुसरं काय लक्षात ठेवलंय?

बुधवार, १४ जानेवारी

पाचही पट्ट्या नव्या लावल्या. पोरांच्याच कागदाच्या, त्यांच्याच डिंकाने. बघू किती टिकतात.

शुक्रवार, १६ जानेवारी

दोन दिवसांत चार फाटल्या. चार!

परत हेडसरांकडे गेले. पाहुण्यांच्या खुर्च्या मोजत होते. "उद्या सकाळी नऊला गॅलरी उघडी हवी." बस्स. भाची आठवडाभर माझ्याशी बोललेली नाही. ताट वाढलं तर जेवते.

शनिवार, १७ जानेवारी

आज सत्कार होता.

नऊ वाजले. जिन्याखाली आठवी-नववीची रांग, पार फाटकापर्यंत. मी जिन्याच्या दाराला पाठ लावून उभी. हेडसर आले. "किल्ली?"

"देत नाही."

"काय म्हणालात?"

"नाही देत. मी असेपर्यंत वर कोणी जायचं नाही."

बारावीची पोरं फिदीफिदी हसली. हेडसरांचा चेहरा लालबुंद. शाळेच्या सुताराला हाक मारली — कुलूप तोड. सुतार माझ्या जाण्यायेण्यातला. हातोडी घेऊन आला आणि माझ्याकडे बघत नुसता उभा राहिला. "बाजूला व्हा की, वहिनी. माझ्याही पोटाचा प्रश्न आहे." मी म्हटलं, मार, आधी मला लागेल.

तेवढ्यात भाची मंचावरून उतरून आली. हातात ढाल. दोनशे पोरांच्या मधून वाट काढत. माझ्याकडे बघितलं नाही.

"सर, नोंद चुकीची आहे. पट्ट्या फाटत होत्या. भेग वाढतेय."

असा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता. ढाल पायरीवर ठेवली. चष्मिस तिच्या मागे येऊन उभा राहिला, चष्मा पुसत — रडत होता बिचारा, त्याला काहीच माहीत नव्हतं. टिंगूने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग फतकल मारून पायरीवर बसली. "मी नाही जात वर. उचलून न्यायचं तर न्या." तिच्या मागची बसली. मग अख्खी रांग खाली बसली, मैदानातल्या धुळीत, नव्या कपड्यांनिशी.

पाहुणे विचारायला लागले, काय भानगड आहे. मग इंजिनिअर साहेबांना बोलावणं गेलं. या वेळी वर चढले. छोट्या हातोडीने भेगेशेजारी दोनदा ठोकलं. परातीएवढा पोपडा विटेसकट खाली आला. साहेब दोन पायऱ्या मागे सरले. "कोणी वर येऊ नका," म्हणाले. आता म्हणतात!

हेडसर जाताना मला एवढंच — "सोमवारी दोघी ऑफिसात या. मुलीची नोंदवही आणा. चूक कोणाची ते लेखी लागेल."

चूक माझी. वहीत काय असणार? मी डकवलेलं तिने शाबूत म्हणून लिहिलं. पोरीचा काय दोष? तसं स्वच्छ सांगून टाकेन. ऑर्डर गेली तर गेली.

घरी आल्यावर म्हटलं, जेव. ती म्हणाली, "तूही जेव." आठवड्यातले पहिले शब्द.

रविवार, १८ जानेवारी

ती चष्मिसाकडे गेलीय. उद्याची पिशवी भरताना तिची वही उघडली. दर सोमवारी एक ओळ. ८ डिसेंबरची ही —

"३ आणि ४ फाटल्या होत्या. खळीने चिकटवल्यात, आम्ही डिंक वापरतो. मावशीने केलं. कळलं तर तिची ऑर्डर जाईल. शाबूत लिहिलं."

त्याखाली दर सोमवारी तेच. एका ठिकाणी पुढे बारीक अक्षरात — "मार्चपर्यंत गॅलरी बंदच आहे. तोवर चालेल."

आणि मी तिला हाव म्हणाले.

पान फाडायला हात गेला होता. मागे घेतला. वही आहे तशी पिशवीत ठेवली. ती येऊ दे घरी.