फायटरसोबत कोण नांदेल?

सक्करदरा, नागपूर
१२ सप्टेंबर १९७४

ती. देवरावमामा यांस,

मंगळवारी सकाळी इंदुकाकूंनी काचेच्या पेटीतलं शिळं पाणी मोरीत ओतलं, त्या क्षणापासून तुमचा केशव पूर्वीचा राहिलेला नाही. हे आधी लिहून टाकलं आणि आता वाकून नमस्कार करतो. उलट क्रमाबद्दल रागावू नये. मामींचे गुडघे कसे आहेत? आईनं त्यांच्यासाठी सुंठीचं तेल करून ठेवलं आहे, ते पाठवायचं कोणाबरोबर हा प्रश्न आहे. (त्याचं उत्तर पुढे कुठेतरी येईल.) माझी तब्येत चांगली आहे, फक्त जेवण जात नाही.

तुम्ही भंडाऱ्याला मत्स्यखात्यात आहात म्हणूनच हे पत्र. आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारे मुकुंदराव तुम्हाला आठवत असतील, जाड चष्म्याचे. त्यांच्या कलकत्त्याच्या एका दोस्तानं परत जाताना त्यांना एक मासा भेट दिला. निळा, शेपटी नऊवारीच्या पदरासारखी, आणि नाव फायटर. देणारा गेला आणि मासा लोणच्याच्या रिकाम्या बरणीत राहिला. इंदुकाकू, म्हणजे मुकुंदरावांच्या मंडळी, माळकरी. त्यांच्या घरात मासा हा शब्दसुद्धा हळू आवाजात बोलतात. पण हा खायचा नाही, पाहायचा आहे, आणि देवाचा पहिला अवतारच मुळी मत्स्य, असं त्यांच्या मुलीनं सांगितल्यावर काकूंनी बरणीला हळदीचं बोट लावलं आणि विषय संपला. मुलीचं नाव उत्तरा. बालवाडीत शिकवते. तिच्याबद्दल या पत्रात जास्त लिहिणार नाही, कारण हे पत्र माशाबद्दल आहे.

तर याला काचेची पेटी करून द्यायला कोणी मिळेल का, असं उत्तरानं गल्लीत विचारलं. मी म्हटलं, मी करतो, माझे मामा मत्स्यखात्यात आहेत. (तुम्ही तिथे पगारबिलं करता हे सांगायची तेव्हा वेळ नव्हती.) कॉलेज सोडल्यापासून मला सवड आहेच. कॉलेजही माशापायीच सुटलं, हे तुम्हाला आईनं वेगळ्या तऱ्हेनं सांगितलं असेल. खरं असं झालं की प्रॅक्टिकलला मी काढलेल्या रोहूला डेमॉन्स्ट्रेटरसाहेबांनी सगळ्यांसमोर बटाटा म्हटलं. मी जर्नल तिथेच फाडलं आणि बाहेर आलो. माणसाला मान असतो, मामा, आणि रोहूलाही असतो.

पेटी इतवारीतल्या फोटोफ्रेमवाल्याकडून करून घेतली. पहिल्यांदा लांबीकडून गळाली आणि मुकुंदरावांचा चष्मा भिजला, दुसऱ्यांदा रुंदीकडून गळाली आणि त्यांचं वर्तमानपत्र भिजलं, पण तिसऱ्यांदा टिकली. तळाशी कन्हान नदीची रेती धुऊन टाकली, सक्करदरा तलावातली वेल लावली. मासा आत सोडला तेव्हा घरातले सगळे उभे राहिले होते. त्यानं एक फेरी मारली, काचेत स्वतःलाच पाहिलं आणि गालफडं फुगवून स्वतःवर धावून गेला. काकू म्हणाल्या, "अगं बाई, हा तं आरशाशीच भांडून राहिला! एवढा तापट, याच्यासोबत नांदणार कोण?" हे त्या माशाकडे पाहून म्हणाल्या. उत्तरा मात्र माझ्याकडे पाहत होती.

तेव्हापासून त्या घरात दुसरा विषय नाही. फायटरसोबत कोण नांदेल? मी रोज संध्याकाळी जायचो, कारण नांदणारे निवडणं हे एका दिवसाचं काम नाही. प्रथम गप्पी आणले. दिसायला गरीब, पण नराची शेपटी रंगीत निघाली, आणि फायटरला रंगीत शेपटी म्हणजे सरळ आव्हान. सकाळी सगळ्या शेपट्यांच्या दशा झालेल्या. मुकुंदराव पान लावता लावता म्हणाले, "काय गा केशव, तू तं याचं घर बसवायले निघाला अन् त्यानं पाहुण्यायचे धोतर फाडले." मग सोनमासा आणला. तो शांत, पण सारखा खाणार आणि सारखी घाण करणार. त्याच्याबद्दल काकूंनी स्वतःच्या दिरावरून जे मत दिलं ते मी इथे लिहीत नाही. मग तलावातली गोगलगाय आणली. तिचं आणि फायटरचं छान जमलं, तिच्याकडे तो बघेचना. पण ती रात्रीतून पेटी चढून बाहेर आली आणि सकाळी देव्हाऱ्यात बाळकृष्णाशेजारी बसलेली सापडली. ज्याच्याकडून हे सगळे आणले तो मासेवाला म्हणाला, दुसरा फायटर आण आणि मध्ये काच लाव. मी त्याला फाडफाड बोलून आलो. जन्मभर मध्ये काच लावून राहायचं, हे काय जगणं आहे?

आता मंगळवार. मामा, इथे नीट वाचा. पावसाळ्यात नळाच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर असते, ती माशाला सोसत नाही, म्हणून पाणी दिवसभर उघडं ठेवून मग पेटीत भरायचं असतं. माशाला शिळं पाणी लागतं. सोमवारी असं पाणी भरून मी घरी गेलो. इंदुकाकूंच्या घरात शिळं पाणी राहत नाही. नळ आला की रात्रीचं सगळं ओतायचं, भांडी घासायची, ताजं भरायचं. त्यांच्या मनात आलं, सगळ्या घराला ताजं आणि या मुक्या जिवालाच शिळं? त्यांनी पेटी उपसून नळाचं पाणी भरलं. अगदी मायेनं केलं. नवं पाणी मानवलं का ते पाहायला मी सकाळीच पोचलो, तेव्हा मासा वर येऊन तोंड उघडत होता, रंग उडालेला, अंगावर राख फासल्यासारखा.

पुढचं मी केलं ते असं. घरात शिळं पाणी फक्त एका जागी उरलं होतं, पिण्याच्या माठाच्या बुडाशी. (माठ अजून उपसायचा होता.) मी भांड्यांतला दिसेल तो गंज उचलला, माठ त्यात पालथा केला आणि मासा गंजात सोडला. तो गंज वरणाचा होता. माळकऱ्याच्या घरात वरणाच्या गंजात मासा, मामा! तेवढ्यावर मी थांबलो असतो तरी चाललं असतं. पण काकू आल्या, काय झालं विचारू लागल्या, आणि मी ओरडलो, "तुमच्या हातचं पाणी जहर आहे!"

वैशाखात गल्लीतून जाणारा कोणीही त्यांच्या दारात थांबून पाणी पितो, पोस्टमन पितो, हमाल पितात, मीही लहानपणापासून प्यायलो आहे. त्यांनी डोळ्याला पदर लावला. मुकुंदराव उठले आणि एवढंच म्हणाले, "केशव, तू आता घरी जाय बाबा." ते बाबा म्हणाले, तेच मला लागलं. उत्तरानं माझी चप्पल सरळ करून ठेवली, म्हणजे लवकर घालता यावी म्हणून.

मासा वाचला, असं समजतं. परत बरणीत आहे. मी त्या दारात गेलेलो नाही.

तरी कृपा करून खात्याच्या कागदावर, शिक्का मारून, दोन ओळी लिहून पाठवाव्यात: की शिळं पाणी माशाला हितकारक असतं, यात कोणाच्या हाताचा दोष नसतो, आणि फायटर तापट असला तरी योग्य सोबत मिळाल्यास नांदतो.

तुमचा भाचा,
केशव

ता.क. शिक्क्याचा कागद नकोच, तुम्हीच या. येत्या रविवारी या, सुंठीचं तेलही घेऊन जाता येईल. मामींना आणा. काळा कोट घाला. मुकुंदरावांकडे माशाचं बोलून झालं की विषय आपोआप मुलांच्या लग्नांवर येतो, तेव्हा मी कसा आहे ते सांगा. म्हणजे कसा होऊ शकतो ते सांगा.

ता.क. दुसरा. उत्तरा आत्ता दारात येऊन गेली. आत आली नाही, चौकटीला टेकून बोलली. म्हणाली, "तुझ्या माशानं बरणीत फेस काढला गा. आई म्हणते पाणी नासलं, ओतून देतो."

मी घाईघाईनं सांगितलं की ते नासलेलं नाही. लायब्ररीतल्या पुस्तकात आहे: नराच्या मनात आलं की तो तोंडानं बुडबुडे काढून फेसाचं घर बांधतो, मादी दिसायच्या आधीच. ते मोडू देऊ नका.

"हे मले काहून सांगतो? आईले सांग ना."

मी म्हटलं, माझे मामा रविवारी येणार आहेत, ते व्यवस्थित सांगतील.

ती लालबुंद झाली. (आमच्या दोघांत तापट मीच, असं मी इतके दिवस समजत होतो.) म्हणाली, "त्यानं तं बरणीतल्या बरणीत घर बांधलं, अन् तू मामाले चिठ्ठ्या लिहून राहिला? आई बरणी घेऊन मोरीपर्यंत पोचली असन." आणि गेली. पळत नाही गेली. मागे कोणी येतंय का याचा अंदाज घेत माणूस जातो, तशी गेली.

मामा, तुम्ही रविवारी आलात तर आनंद, पण आता तुमची वाट पाहणं शक्य नाही. काकूंना काय म्हणायचं ते ठरलेलं नाही. बहुतेक काही म्हणता येणारच नाही. पत्र खिशात कोंबतो, वाटेत टपालपेटी लागली तर टाकीन. कुलूप सापडत नाही. नुसतंच दार ओढून घेतो आणि निघतो.