सुलक्षणावहिनींची जागा

दौंड,
८ ऑक्टोबर २०२५

सौ. सुलक्षणावहिनींस,
अनुपमाचा नमस्कार. मी बरी आहे. आबांचा गुडघा, मुलींच्या परीक्षा, स्वराजचा पडलेला दात, सगळं सविस्तर कळवा. फोनवर तुमच्या शेजारी दादा असतो, म्हणून लिहायला बसले.

नऊ वर्षं शब्दही न बोललेला दादा आता रोज सकाळी फोन करून 'अनुपमा' अशी हाक मारतो. सरपंचपद बाईसाठी राखीव झालं आणि माझ्या दाखल्यावर 'स्त्री' लिहिलंय, एवढ्यावरच. मला कळतं सगळं, तरी त्या फोनची वाट बघते.

तो म्हणतो, सभेत सांग, घरच्यांनी मला पहिल्यापासून पदरात घेतलं. पुण्याच्या संस्थेतली रश्मी म्हणते, सांग, घरानं हाकललं, तरी इतिहास घडवतेय. मला कुणी हाकललं नव्हतं. नऊ वर्षांपूर्वी मी आपणहून निघाले. आबा पिशवी घेऊन स्टँडवर आले, गाडीत बसवलं, आणि 'आता माघारी येऊ नगंस' असंही तेच म्हणाले. हे कुठल्या भाषणात बसवू?

सात वर्षांपूर्वी मी साडी नेसून आले तेव्हा दादा दारात आडवा उभा राहिला. तुम्ही मला गोठ्यात नेलंत, म्हशीच्या दावणीपाशी माझी ओटी भरलीत. 'घरची लेक मोकळ्या वटीनं जाती व्हय?' म्हणालात. तुम्हाला सहावा महिना होता. दोन मुली असताना पुन्हा कशाला, असं मी विचारलं. 'आबांचा येक ल्योक गेला, आता नातू पायजे म्हणत्यात,' म्हणालात. मी विषय बदलला.

तिसरं मूल झालं आणि निवडणुकीला उभं राहायचा तुमचा हक्क गेला. बचत गटाच्या बायका कुणाला सरपंच करणार होत्या, हे गावाला ठाऊक आहे. स्वराज माझा लाडका आहे, त्याला बोल लावत नाही. पण तो गेलेला ल्योक मी. मला माझं आयुष्य मिळालं, त्याचा भार तुमच्या अंगावर पडला. दोष आबांचा, दादाचा, म्हणून सुटता येईल. मला सुटता येत नाही.

दादानं पाठवलेला उमेदवारीचा अर्ज सही न करता या पाकिटात घातलाय. मला उभं राहायचंय, वहिनी, खोटं कशाला बोलू. तुमची खरंच हरकत नसेल तर परत पाठवा, सही करीन. पण मला त्या खुर्चीत बसलेली बघणं तुम्हाला सोसणार नसेल तर फाडून टाका. दादा पुन्हा बोलेनासा झाला तरी मी त्याला तुमचं नाव सांगणार नाही. फक्त माझी दया येऊन हो म्हणू नका.

तुम्ही म्हणाल ते मानणारी,
तुमची नणंद
अनुपमा